धोंडे फोडणे व हटविणे

शेत, घरबांधणीची जागा, विहीर, रस्ता इ. ठिकाणी अडथळा ठरणारा मोठा सुटा दगड तुकडे करून अथवा अखंड स्थितीत दूर करण्याच्या क्रिया. भूविज्ञानात २५६ मिमी.पेक्षा अधिक व्यासाच्या सुट्या दगडास धोंडा म्हणतात. व्यवहारात मात्र दोन-तीन माणसांना पहारीच्या साहाय्याने उलथविता येत नाही, असा दगड या संज्ञेने अभिप्रेत असतो. जमिनीशी सलग असलेला कातळ फोडण्याचे तंत्र काहीसे वेगळे असल्याने त्याचा येथे समावेश केलेला नाही. प्रस्तुत नोंदीतील माहिती मुख्यत्वे अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांच्या अनुरोधाने दिलेली असून महाराष्ट्राच्या इतर बेसाल्टी प्रदेशांनाही ती बव्हंशी लागू पडते.

आढळ व उत्पत्ती : वऱ्हाडचा पाया दख्खन ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांचे पठारी फाटे आणि या दोहोंच्या मध्ये पूर्णा नदीचे गाळाचे खोरे, अशी या प्रदेशाची स्थूल रचना आहे. तिच्यामुळे धोंड्यांच्या दृष्टीने येथे तीन पट्टे पडतात.

पहिला पट्टा सातपुड्याच्या पायथ्याचा असून त्यात तेल्हारा, अकोट, अचलपूर, मोर्शी, वरुड इ. तालुक्यांचे उत्तरेकडील भाग येतात. वाण, शहानूर, चंद्रभागा यांसारख्या नद्या व असंख्य नाले डोंगरातून वेगाने उतरतात आणि उतार कमी होताच आपल्याबरोबर आणलेले दगड, वाळू व माती तेथे टाकून देतात. या भरावातील धोंडे वाहत येताना घासले गेल्याने गोलसर असतात. वाटेत ठिसूळ दगडांचा चुरा होऊन गेलेला असल्याने जे उरतात ते बहुधा अतिशय टणक असतात. एक धोंडा काढल्यावर त्याखाली दुसरा लागणे, हे या पट्ट्याचे वैशिष्ट्य आहे. संत्र्याच्या बागांसाठी विहिरी व कूपनलिका खणताना येथे नेहमी हीच अडचण येते.

दुसरा पट्टा पठारांचा व टेकड्यांचा आहे. पातूर, बार्शीटाकळी या तालुक्यांचा आणि अमरावतीनजीकच्या पोहरा-मालखेड टेकड्यांचा त्यात अंतर्भाव होतो. येथील धोंडे वाहून आलेले नसून जागीच तयार झालेले असतात. लाव्हा थंड होताना आकसून त्यास उभेआडवे तडे जातात. त्या तड्यांतून पाणी झिरपून खडक बाहेरून आत कुजत जातो व त्याचे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटतात. भोवतालच्या भागाचा मुरूम झाला तरी मधला गाभा टणक गोळ्याच्या रूपाने शिल्लक राहतो. अशा धोंड्याचा दिसणारा भाग लहान व पुरलेला भाग मोठा असू शकतो. पण भोवतीचा मुरूम सुटत असल्याने तो उघडा करणे सोपे असते.

तिसरा पट्टा पूर्णेच्या दोन्ही बाजूंच्या खोल काळ्या जमिनीचा आहे. दर्यापूरसारख्या तालुक्यांत गाळाचा थर बराच जाड असून त्यात मोठा धोंडा निसर्गतः सहसा नसतो. तेथे आढळणारा मोठा दगड बहुतेक वेळा माणसानेच आणलेला असतो. एखाद्या जुन्या भिंतीचा, घाटाचा वा समाधीचा तो अवशेष असण्याचा संभव असल्याने त्यास हात लावण्यापूर्वी चौकशी करणे इष्ट ठरते.

वजन व बल : ताज्या बेसाल्टाचा एक घन मीटर सुमारे २·९ टन भरतो. एक मी. व्यासाच्या गोल धोंड्याचे वजन जवळजवळ दीड टन, तर दोन मी. व्यासाच्या धोंड्याचे सुमारे १२ टन होते. व्यास दुप्पट झाल्यास वजन आठपट होते, हे लक्षात न घेतल्यामुळे साखळ्या तुटणे, यारी कलंडणे, ट्रॅक्टरची पुढील चाके उचलली जाणे असे अपघात घडतात. म्हणून कामाच्या आरंभी धोंड्याची मापे घेऊन वजनाचा अंदाज करणे आवश्यक असते.

बेसाल्ट दाबाला फार चिवटपणे तोंड देतो, मात्र ताणाला तो दुर्बल असतो. त्याचे ताणबल दाबबलाच्या सर्वसाधारणपणे एक-दशांश किंवा त्याहूनही कमी असते. वरून कितीही जोराने घाव घातला तरी मोठा धोंडा केवळ कडेला झिजतो. परंतु त्याच्या पोटात शिरून त्यास दोन बाजूंना ढकलणारा तुलनेने लहान जोरही त्याला दुभंगू शकतो. पाचर, फुगणारा चुना, द्रवीय यंत्र व सुरुंग या सर्व साधनांचे कार्य याच एका तत्त्वावर चालते. त्यांतील फरक हा जोर किती वेगाने व किती नियंत्रणाखाली लावला जातो, एवढाच आहे.

पूर्वतपासणी : धोंड्याभोवतीची माती काढून तो खरोखर सुटा आहे की खालच्या कातळाचा वर आलेला भाग आहे, हे प्रथम पाहतात. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आल्यास दगड एकजीव व टणक समजतात. बद्द आवाज आला, तर आत तडा किंवा कुजलेला भाग असतो. दगड ओला करून वाळू दिल्यास तड्यांच्या रेषा अधिक काळ ओल्या राहून स्पष्ट दिसतात. फोडणीची रेषा शक्यतो या नैसर्गिक तड्यांना धरून आखतात. लहानलहान पोकळ्या असलेल्या व त्यांत पांढरी खनिजे भरलेल्या बेसाल्टाला विहिरी खणणारे लोक मांजऱ्या म्हणतात. तो घट्ट काळ्या दगडापेक्षा मऊ असतो, पण सरळ रेषेत दुभंगत नाही.

धोंडा हद्दीची खूण आहे काय, त्यास शेंदूर लावून पूजा केली जाते काय, अथवा तो दगडांच्या वर्तुळाचा भाग आहे काय, हेही पाहिले पाहिजे. विदर्भात महापाषाणयुगीन शिलावर्तुळे अनेक ठिकाणी आढळली असून शेतीच्या सपाटीकरणात अशा अवशेषांची हानी होण्याचा धोका असतो.

न फोडता हटविणे : धोंडा कामाच्या आड येत नसेल, तर तो आहे तेथेच ठेवणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय. शेतातील एकटा धोंडा पुष्कळदा बांधाला लावून घेतात. एक मी. व्यासापर्यंतचा धोंडा पहारी (वऱ्हाडात सब्बल), लाकडी ओंडके व साखळी यांच्या मदतीने किंवा यंत्राने लोटत नेता येतो. विहिरीतून दगड वर काढण्यासाठी यारी वापरतात.

धोंडा पुरून टाकण्याची पद्धतही रूढ आहे. तीत त्याच्या शेजारी त्याच्या उंचीपेक्षा खोल खड्डा खणून पहारीने वा यंत्राने तो आत ढकलतात आणि वरून माती लोटतात. नांगराच्या व मुळांच्या खोलीचा विचार करून धोंड्याचा माथा निदान पाऊण ते एक मी. खाली राहील अशी काळजी घेतात. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या हालचालीमुळे लहान दगड कालांतराने वर येतात, तर घराच्या पायाखाली अर्धवट राहिलेला धोंडा इमारतीचे ओझे असमान वाटून भिंतींना तडे पाडतो. यास्तव बांधकामाच्या जागेत धोंडा पुरणे अयोग्य समजतात. खड्डा खणताना धोंड्याच्या बुडाखालची माती काढणे अत्यंत धोक्याचे असते. आधार सुटलेला धोंडा पूर्वसूचना न देता घसरतो आणि खड्ड्यातील माणसास बाहेर पडण्यास वेळ मिळत नाही. माणूस खड्ड्यात असताना धोंड्याला टेकू दिलेला असणे, किंवा खोदकाम संपूर्णतः बाहेरून यंत्राने करणे, हे दोनच सुरक्षित मार्ग आहेत.

हातफोडणी : घण, सुतकी, छिन्नी, टाकी, पहार व पोलादी पाचरा ही हातफोडणीची साधने होत. महाराष्ट्रात हे कौशल्य मुख्यतः वडार व पाथरवट समाजांनी जतन केले. वडारांमध्ये गाडी वडार, माती वडार, जाते वडार असे व्यवसायानुसार भेद असून महाराष्ट्रात या जमातीची गणना विमुक्त जातींत होते. दगड फोडणे, तो गाड्यांवरून वाहणे, जाती व पाटे-वरवंटे घडविणे आणि विहिरी व तलाव खणणे ही त्यांची परंपरागत कामे होती. अमरावती शहराचा १९ व्या शतकाच्या आरंभी बांधलेला परकोट, तसेच १८६७ मध्ये वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग यांसारख्या कामांना लागलेला दगड व खडी यांवरून अशा श्रमाची व्याप्ती ध्यानात येते. खडी केंद्रे व द्रवीय यंत्रे यांच्या प्रसारानंतर हातफोडणीला असलेली मागणी घटली व तीवर उपजीविका करणाऱ्या कुटुंबांना इतर मजुरीकडे वळावे लागले.

जुन्या रीतीप्रमाणे आखलेल्या रेषेवर टाकीने लहान खाचा पाडून त्यांत पोलादी पाचरा बसवितात. सुधारित पद्धतीत २–३ सेंमी. व्यासाची व १०–१५ सेंमी. खोल छिद्रे एका रेषेत, एकमेकांपासून १०–२० सेंमी. अंतरावर घेतात. प्रत्येक छिद्रात दोन पोलादी पत्त्या उभ्या करून त्यांमध्ये पाचर घालतात. पाचरांवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने सारखे घाव घालीत जातात. घावाचा आवाज चढत जातो. अशा काही फेऱ्यांनंतर थोडा वेळ थांबल्यास ताण दगडात पसरतो व रेषेवर तडा उमटतो. एकाच पाचरेवर जोर दिल्यास दगड वाकडा फुटतो. या पद्धतीत हादरे, धूर व उडणारे तुकडे जवळजवळ नसल्याने घराशेजारी ती विशेष उपयुक्त ठरते. मिळणारे तुकडेही बांधकामास योग्य असतात.

अग्नीचा उपयोग : धोंड्यावर जाळ करून तो तापल्यावर पाणी ओतण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी प्राचीन काळापासून ज्ञात आहे. बाहेरील थर तापून प्रसरण पावतो व एकाएकी थंड झाल्यावर आकसतो, त्यामुळे त्याचे पापुद्रे सुटतात. ग्रॅनाइटातील क्वॉर्ट्झ उष्णतेने अधिक प्रसरण पावत असल्याने त्यावर ही पद्धत चांगली चालते. बेसाल्टात क्वॉर्ट्झ जवळजवळ नसतो व त्याचे औष्णिक प्रसरणही कमी असते, त्यामुळे वऱ्हाडातील दगडावर पुष्कळ सरपण जाळूनही परिणाम बेताचाच होतो. शिवाय तड्यांत ओल असल्यास तिची वाफ होऊन कपच्या स्फोटासारख्या उडतात. या कारणांमुळे ही पद्धत आता वापरू नये, असे मानतात.

फुगणारा चुना : विशिष्ट रीतीने भाजलेल्या चुनकळीत इतर द्रव्ये मिसळून हे चूर्ण तयार करतात. पाण्याशी संयोग होऊन कॅल्शियम ऑक्साइडाचे कॅल्शियम हायड्रॉक्साइड बनते व घन द्रव्याचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. हे प्रसरण छिद्रात कोंडले गेल्याने काही तासांत ३० मेगापास्कल वा त्याहून अधिक दाब निर्माण होतो आणि दगडाला तडे जातात. छिद्रे ३–४ सेंमी. व्यासाची, ३०–४० सेंमी. अंतरावर व धोंड्याच्या उंचीच्या सुमारे ८०–९० टक्के खोलीची घेतात. चूर्णाची पातळ लापशी करून ती छिद्रांत ओततात. तडे पडण्यास हवामानानुसार काही तासांपासून एका दिवसापर्यंत वेळ लागतो.

या पद्धतीत आवाज, हादरे व उडणारे तुकडे नसतात आणि स्फोटकांचा परवानाही लागत नाही. मात्र वऱ्हाडच्या उन्हाळ्यात एक विशेष धोका संभवतो. अकोला-अमरावती भागात तापमान ४५° से.च्या वर जाते व उघड्यावरील काळा दगड त्याहूनही अधिक तापतो. अशा वेळी रासायनिक क्रिया अतिवेगाने होऊन गरम चुना छिद्रातून कारंज्यासारखा वर उसळतो. तो डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाण्याची भीती असते. म्हणून तापमानानुसार योग्य प्रतीचे चूर्ण निवडणे, काम सायंकाळी करणे, दगड आधी सावलीत व गार ठेवणे, थंड पाणी वापरणे, छिद्रे भरल्यावर त्यांवर ओणवे न होणे आणि चष्मा व रबरी हातमोजे वापरणे या गोष्टी अनिवार्य ठरतात.

यंत्रांचा उपयोग : ट्रॅक्टरवर बसविलेला वायुसंपीडक व त्यावर चालणारे छिद्रक यांचा वापर ग्रामीण भागात विहिरींच्या कामामुळे सर्वपरिचित झाला आहे. तासन्तास हाताने घ्यावे लागणारे छिद्र त्यामुळे काही मिनिटांत होते. खोदयंत्राच्या (लोकभाषेत पोकलेनच्या) बाहूवर द्रवीय हातोडा बसवून धोंड्यावर सतत आघात करण्याची पद्धत सध्या सर्वांत अधिक प्रचारात आहे. धोंडा सैल मातीवर असल्यास आघाताची शक्ती वाया जाते, म्हणून त्याला खालून पक्का आधार देतात व मध्यावर घाव न घालता कडेकडून व तड्यांच्या रेषेवर तो फोडीत जातात. एका जागी फार वेळ आघात केल्यास टोकी तापून बोथट होते. छिद्रात द्रवीय दाबाने पाचर फाकविणारी यंत्रेही उपलब्ध असून अरुंद जागेत ती सोयीची असतात.

छिद्रे घेताना उडणारी धूळ पाण्याच्या फवाऱ्याने दाबणे आवश्यक असते. बेसाल्टात मुक्त सिलिका अल्प असली, तरी त्याच्या पोकळ्यांत अकीक व तत्सम सिलिकामय खनिजे आढळतात. धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे विकार जडतात.

सुरुंग : धोंडा सुरुंगाने फोडण्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात धोंड्यात छिद्र पाडून त्यात स्फोटक द्रव्य भरतात, दुसऱ्यात ते धोंड्याखाली पुरतात, तर तिसऱ्यात धोंड्याच्या माथ्यावर ठेवून चिखलाने लिंपतात. छिद्रातील स्फोटाची शक्ती दगडाच्या पोटात कोंडली जाते, त्यामुळे त्यास द्रव्य सर्वांत कमी लागते. लिंपलेल्या सुरुंगास त्याच्या कितीतरी पट द्रव्य लागून आवाजही फार होतो. वस्तीजवळ तो वर्ज्य समजला पाहिजे.

पूर्वी या कामी बंदुकीची दारू वापरीत. १८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइटाचे एकस्व घेतल्यानंतर नायट्रोग्लिसरीनयुक्त द्रव्ये प्रचारात आली. भारतात २००४ पासून त्यांच्यावर बंदी असून त्यांची जागा पाणीयुक्त रबडी व पायस स्वरूपाच्या स्फोटकांनी घेतली आहे. स्फोटकांचा साठा, वाहतूक व वापर यांवर स्फोटक अधिनियम, १८८४ व त्याखालील २००८ चे नियम यांचे नियंत्रण असते. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. स्फोटके बाळगण्याचा अधिकार परवानाधारकासच असून सुरुंग उडविण्याचे काम अर्हताप्राप्त व्यक्तीनेच करावयाचे असते. शेतमालकाने स्वतः हे काम करणे हा गुन्हा तर आहेच, पण प्राणघातकही ठरू शकते.

अपघातांची दोन प्रमुख कारणे म्हणजे दूरवर उडणारे तुकडे व न उडालेला बार ही होत. सुट्या धोंड्याच्या सर्व बाजू मोकळ्या असल्याने त्याचे तुकडे कातळाच्या तुकड्यांपेक्षा अधिक अनियमितपणे उडतात. त्यामुळे कित्येकशे मीटरपर्यंतचा परिसर माणसे व गुरे यांपासून मोकळा करावा लागतो. बार उडाला नाही, तर जवळ जाण्याची घाई न करणे, जुने छिद्र न उकरणे व त्यातच पुन्हा छिद्र न घेणे हे नियम विहीर खणणाऱ्या मजुरांच्या जीविताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत. हादऱ्यांनी शेजारच्या विहिरीचे जुने बांधकाम वा मातीच्या भिंती खचण्याचीही शक्यता असते.

पद्धतीची निवड : धोंड्याचे आकारमान, भोवतालची वस्ती, यंत्र पोहोचण्याजोगी वाट व उपलब्ध वेळ यांवर निवड अवलंबून असते. मोकळ्या रानातील एकटा धोंडा पुरणे वा बांधाला लोटणे पुरेसे असते. घराला, विहिरीला किंवा जलवाहिनीला लागून असलेल्या धोंड्यासाठी पाचरा किंवा फुगणारा चुना योग्य ठरतो. वाट असल्यास व धोंडे अनेक असल्यास द्रवीय हातोडा स्वस्त पडतो. इतर सर्व उपाय अशक्य असतील व परिसर मोकळा करता येत असेल, तरच सुरुंगाचा विचार करावा. धोंडा पूर्ण बारीक करण्याची गरज नसते. उपलब्ध साधनाने उचलता येतील एवढे तुकडे करणे पुरेसे होते.

दगडाचा विनियोग व कायदा : फुटलेला दगड मूळच्या सुमारे दीडपट जागा व्यापतो. दोन मी. व्यासाच्या धोंड्यापासून दोन ब्रासांहून थोडा अधिक दगड निघतो (एक ब्रास म्हणजे १०० घन फूट). विहिरीचे बांधकाम, घराचे जोते, बांधाची पिचिंग आणि नाल्यातील अनगड दगडी बांध यांसाठी तो उपयोगी पडतो. पायथ्याच्या पट्ट्यात ओघळींचे पाणी अडवून माती धरून ठेवण्यास असे बांध विशेष उपकारक ठरतात.

दगड हे गौण खनिज असून त्याचे उत्खनन, वाहतूक व विक्री यांस महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि गौण खनिजांविषयीचे २०१३ चे राज्य नियम लागू होतात. स्वतःच्या जमिनीतील दगडही बाहेर नेण्यापूर्वी वा विकण्यापूर्वी तहसील कार्यालयात परवानगी व स्वामित्वधन यांविषयी चौकशी करणे आवश्यक असते. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये वनातील दगड हा वनोपज मानला जातो. त्यामुळे मेळघाटातील व इतर राखीव वनांतील धोंडे फोडण्यास किंवा हलविण्यास वनविभागाच्या अनुज्ञेवाचून मनाई आहे.